उलट्या वेढ्याची माशी

दाजींचा स्वभाव शंकेखोर होता असं सांगणं म्हणजे नदी ओली असते असं सांगण्यासारखं आहे. नदीकाठच्या फिशिंग कॅम्पवर ते एकतीस वर्षं गाईड होते. लांबून आलेल्या हौशी पाहुण्याला कमरेएवढ्या पाण्यात उभं करायचं, काठीने दोरी कशी फेकायची ते शिकवायचं, मासा लागला की तो जाळीत घेऊन फोटो काढू द्यायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, हे त्यांचं काम. त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच कॅम्पवर गाईड होता. तो दाजी म्हणायचा म्हणून मालकीणबाईंपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळेच दाजी म्हणायला लागले. पाठीमागे मात्र त्यांना शंकासुर म्हणत. हे नावही मेहुण्यानेच ठेवलं असणार, अशी दाजींना शंका होती.

आणि ती खरी होती, म्हणा. पण शंभर शंका घेतल्या की एखादी खरी निघतेच, त्यात कौतुक काय?

दुसऱ्याने बांधलेली गाठ दाजी तीनदा ओढून बघत. वीस वर्षांपूर्वी मेहुण्याला त्यांनीच हाताला धरून हे काम शिकवलं, पण त्याने बांधलेली गाठही ते आजतागायत ओढून बघत होते. तोही बिचारा गाठ बांधली की न सांगता दोरी त्यांच्यापुढे धरायचा. हवामान खात्याने ऊन सांगितलं की हे रेनकोट घेणार. पाहुणा म्हणाला, मला पोहता येतं, की हे त्याला जास्त घट्ट लाइफ जॅकेट घालणार. घरी बिस्किटांचा पुडा उघडला की वरचं कोणतं बिस्किट कुठे होतं हे त्यांना पाठ असायचं.

आता माशीबद्दल सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिच्यापायी झाली. या मासेमारीत गळाला किडा किंवा कणीक लावत नाहीत. बारीकशा गळावर पिसं, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात, आणि ती पाण्यावर अशी टाकतात की माशाला खरी वाटावी. माशाला फसवायचा हा धंदा एकतीस वर्षं केल्यावर आपल्याला कोणी फसवत नसेल यावर माणसाचा विश्वास बसणं कठीणच.

कॅम्पचे दोन नियम होते. पहिला, गाईडने स्वतःच्या हाताने बांधलेलीच माशी पाहुण्याच्या दोरीला लावायची. कॅम्पचं नाव त्यावरच झालं होतं. ज्याला माशी बांधता येत नाही त्याची नजर गेली, आणि ज्याची नजर गेली त्याने पाहुण्याला वाहत्या पाण्यात उतरवायचं नाही, असा त्यामागचा रोखठोक हिशेब. असा गाईड मग शेडमध्ये काठ्या दुरुस्त करत बसे. दुसरा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो पहिल्यापेक्षा कडक होता. एखाद्या गाईडने नदीवर स्वतः शोधलेली जागा त्याची. त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याने तिथे पाऊल टाकायचं नाही. टाकलं, तर त्याचा बिल्ला गेला, नदी गेली.

दाजींची अशी एक जागा होती. मोठ्या खडकामागे, झाडांच्या फांद्या पाण्यावर ओणवलेल्या, असा एक हिरवा डोह. तिथे जाताना ते तीन वेगवेगळ्या वाटा वापरत आणि येताना फांदीने आपली पावलं पुसत. पाहुण्यालाही शेवटची दहा मिनिटं उगाच गोल फिरवत नेत, म्हणजे त्याला वाट लक्षात राहू नये. मेहुण्याने एकदा गमतीने म्हटलं होतं, "दाजी, डोळ्यावर पट्टी बांधूनच न्या की एकेकाला." दाजींनी त्यावर दोन दिवस गंभीरपणे विचार केला होता.

वय अठ्ठावन्न झालं तसं दाजींच्या लक्षात आलं की जग हळूहळू लबाड होत चाललंय. रेशमी दोरा विकणाऱ्याने दोरा बारीक करायला सुरुवात केली होती. गळ बनवणाऱ्या कंपनीने गळाचं नेढं लहान केलं होतं, जेणेकरून गिऱ्हाइकाने वैतागून महागातला गळ घ्यावा. वर्तमानपत्रवाले शाई वाचवत होते. "तुमचे डोळे दाखवून या एकदा," असं बायको म्हणाली, तेव्हा तिला चष्मेवाल्याने पढवलंय की काय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. लांबचं त्यांना अजून लख्ख दिसायचं. पलीकडच्या काठावरच्या पानावर बसलेला टोळ ते दाखवायचे. मग जवळचं दिसत नाही हे कोण मान्य करणार?

बायको घरी रफूचं काम करायची. जळका कोट, कुरतडलेली शाल तिच्याकडे आली की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नसे. ती डावखुरी, तिचा भाऊही डावखुरा. तिच्या कात्रीला दाजी 'उलटी कात्री' म्हणत. खिडकीपाशी तिचं टेबल, आणि भिंतीपाशी दाजींचं, त्यावर गळ धरायचा छोटा शिकंजा, पिसांचे डबे, दोऱ्याची रिळं. भिंतीकडच्या टेबलाला कोणी हात लावायचा नाही, असा घरातला कायदा होता. रोज संध्याकाळी दाजी तिथे बसून चार माशा बांधत, आणि बोटांनी चाचपून त्या ताटलीत वाळत ठेवत. सकाळी पेटीत भरत. पाहुणे म्हणत, गेल्या दोन वर्षांत तुमचा हात फारच बसलाय. दाजी नम्रपणे हो म्हणत. कौतुकावर मात्र त्यांनी कधी शंका घेतली नाही.

एका सकाळी ते एका घड्याळजीला घेऊन डोहावर गेले. हा पाहुणा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून आता निवृत्त झालेला, शांत, नेमकं बोलणारा माणूस होता. पाण्यात उतरायच्या आधीच दाजी थबकले. समोरच्या काठावर, पाण्यावर झुकलेल्या, आता पानं गळालेल्या फांदीत, वीतभर तुटकी दोरी लोंबत होती आणि तिच्या टोकाला माशी.

त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली नाही, चांगली ओरडली. आपली माशी फांदीत अडकली तर दाजी पोहत जाऊन काढून आणायचे. मग ही कोणाची?

पलीकडे जाऊन, काठीने फांदी वाकवून त्यांनी माशी उतरवली. उन्हाने विटलेली होती, पण घडण ओळखीची वाटत होती, तपकिरी अंग, पांढरी शेपटी. ही तर दाजींचीच माशी. म्हणजे तिची नक्कल. घड्याळजीने खिशातून आपलं भिंग काढलं, डोळ्यात बसवलं आणि माशी उजेडात धरली.

"सुरेख काम आहे," तो म्हणाला. "पण तुमचं नाही. याचे वेढे उलटे आहेत."

"उलटे म्हणजे?"

"उलट्या आट्यांचा स्क्रू असतो ना, तसे. तुम्ही सगळं उजव्या हाताने करता. हे बांधणारा माणूस डावखुरा आहे."

संपूर्ण नदीवर डावखुरा गाईड एकच होता.

त्याच क्षणी दाजींनी खांद्यावरची पेटी उघडून घड्याळजीपुढे धरली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण जो माणूस साऱ्या जगाच्या पेट्या उघडून बघायला निघाला होता, त्याला स्वतःची उघडायचं सुचलं नाही. त्या दिवशी घड्याळजीला एकही मासा लागला नाही, कारण त्याचा गाईड पाण्याकडे नाही, चिखलातल्या पावलांकडे बघत होता.

त्यानंतरचे आठ दिवस दाजी डोळ्यांत तेल घालून मेहुण्यावर पाळत ठेवू लागले. डोहाच्या वाटेवर त्यांनी गुडघ्याएवढ्या उंचीवर काळा दोरा ताणून बांधला. दुसऱ्या दिवशी तो तुटलेला. खाली हरणाच्या खुरांचे ठसे होते, ते दाजींनी पाहिले, आणि खुणा लपवायला कोणीतरी मुद्दाम उमटवले असतील असं ठरवून टाकलं. मेहुण्याने जेवताना विचारलं, "दाजी, बरं नाही का?" तर याला आपल्या तब्येतीची एवढी काळजी का? दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं नाही, तर आज का नाही विचारलं?

घरी त्यांनी ती माशी बायकोच्या टेबलावर ठेवली.

"ही डोहावर सापडली. उलट्या वेढ्यांची आहे. तुझा भाऊ माझ्या जागेवर जातो, माझ्याच माशीची नक्कल करून."

बायकोचा चेहरा पांढरा पडला. रफूची सुई तिने सुयांच्या छोट्या गादीला टोचून ठेवली. "अहो, एक सांगू का?"

"भावाची बाजू घेऊ नकोस."

"बाजू नाही हो. माझं ऐकून तर—"

"तुला माहीत होतं! तोंडावर दिसतंय तुझ्या." दाजींना तिच्या तोंडावर काहीतरी दिसलं होतं हे खरं. ते काय होतं तेवढं चुकलं.

ते ताडताड चालत कॅम्पवर गेले.

कॅम्पच्या ऑफिसात भिंतीवर नदीचा मोठा नकाशा होता आणि त्यावर खिळ्यांना गाईडांचे पितळी बिल्ले टांगलेले. मालकीणबाईंनी मेहुण्याला बोलावून घेतलं. दाजींनी माशी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, डोह, फांदी, घड्याळजी, उलटे वेढे. राग होताच, पण त्याहून जास्त दुःख होतं. या पोराला त्यांनी पाण्यात उभं राहायला शिकवलं होतं.

मेहुण्याने माशी उचलून तळहातावर घेतली. आधी हसला, "दाजी, ही तर—" आणि मधेच थांबला. माशी उलटीपालटी करून पाहिली. मग त्याने दाजींकडे पाहिलं, बराच वेळ, आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

"तुझी आहे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"माझीच आहे."

"डोहावर गेला होतास?"

"गेलो होतो."

त्याने स्वतःच आपला बिल्ला खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवला. नियम सगळ्यांना माहीत होता. मालकीणबाई जुन्या माणसाला उपाशी घालवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी त्याला पलीकडच्या तळ्यावर पाठवलं. तिथे होडीत बसून, हलक्या काठ्या आणि खेळण्यातली वाटावीत अशी रिळं देऊन, सुट्टीवर आलेल्या कुटुंबांना बोटभर मासे पकडायला शिकवायचे. नदीवरचा गाईड तळ्यावर जाणं म्हणजे पहिल्या बाकावरून वर्गाबाहेर जाणं.

जिंकूनही दाजींना झोप गोड लागली नाही. इतक्या सहज कबूल केलं म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. छोटं कबूल करून हा मोठं काय लपवतोय?

घरात बायको बोलेनाशी झाली. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर, जेवायला वाढलंय एवढी सूचना, बाकी शिवणाचा आवाज. आणि त्याच सुमारास दाजींच्या माशांना काहीतरी झालं. एका पाहुणीबाईच्या हातात माशीचं पीस सुटून आलं. एकाची माशी माशाच्या तोंडात उसवली, नुसता गळ परत आला. तिसरी पाण्यावर तरंगायची सोडून धोंड्यासारखी बुडाली. कुठे माशी शिंकली ते कळेना. दाजींनी दोरेवाल्याशी भांडण केलं. माशीच्या डोक्यावर लावायच्या वार्निशच्या बाटलीत कोणी पाणी घातलंय का ते हुंगून पाहिलं. मेहुणा जाताना काही करून गेला की काय, अशीही शंका त्यांना आली.

अशात एक छोटं पार्सल आलं. घड्याळजीने आपलं एक जुनं भिंग पाठवलं होतं, सोबत दोन ओळी: तुमच्या बारीक कामाला उपयोगी पडेल. चोर सापडला असेल अशी आशा आहे.

दुपार होती. बायको कपडे पोचवायला गेली होती. दाजींनी खिडकीपाशी, तिच्या टेबलाशी उजेड चांगला म्हणून तिथे बसून भिंग डोळ्यात बसवलं. आपलं काम पहिल्यांदाच असं जवळून बघायला मिळणार म्हणून ते खूश होते. पेटीतली सगळ्यात देखणी माशी त्यांनी चिमट्यात धरली.

वेढे उलटे होते.

दुसरी घेतली. उलटे. तिसरी, चौथी, जुन्या माशांची पूर्ण ओळ. एकेक वेढा शेजारच्याला चिकटून, रफूसारखा, आणि सगळे उलटे. दाजींच्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? मेहुण्याने अख्खी पेटी बदलली! सवय अशी एका दुपारीत जात नाही.

मग त्यांनी भिंतीकडच्या टेबलावरची ताटली आणली. त्यात काल संध्याकाळी बांधलेल्या, अजून पेटीत न भरलेल्या चार माशा होत्या, आणि या चार तरी नक्की त्यांच्याच हातच्या होत्या. भिंगातून पाहिलं. दोरा एकावर एक चढलेला, मधे फटी, पीस एका अंगाला कललेलं, डोक्यावर वार्निशचा गोळा. एकीच्या नेढ्यातच दोरा अडकलेला. वेढे मात्र सुलटे होते.

त्यांनी एक उलटी आणि एक सुलटी माशी शेजारी शेजारी ठेवली. दोरा बारीक झाला नव्हता. नेढं लहान झालं नव्हतं.

बायको आली तेव्हा ते तिच्याच खुर्चीवर होते. भिंग पाहून तिला सगळं समजलं. तिने पिशवी खाली ठेवली.

"कधीपासून?" दाजींनी विचारलं.

"दोन वर्षं झाली. तुमची माशी पाहुण्याच्या हातात उसवली होती, आठवतं? तुम्ही दोरेवाल्याला शिव्या देत घरी आलात. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठून तुमच्या उसवायची आणि पुन्हा बांधायची. शिकंजा फिरवून घ्यायचा, झालं की परत होता तसा."

"आणि आता थांबवलंस."

"माझ्या भावाला घालवलंत. मग कशाला बांधू?"

हे तिने रागाने म्हटलं नाही, म्हणून दाजींना जास्त लागलं.

"तो खोटं का बोलला?"

"त्याला माहीत होतं माझं. पिसं तोच आणून द्यायचा. ऑफिसात माशी बघून त्याला कळलं, की खरं सांगितलं तर तुमची नदी जाते. मग म्हणाला, माझी जाऊ दे. मी बोलायला निघाले होते, त्यानंच मला शपथ घातली."

"पण मग ती माशी फांदीवर गेली कशी?" असं विचारता विचारताच दाजींना दातांचे डॉक्टर आठवले. गेल्या हंगामात त्या डॉक्टरांना डोहावर सोडून दाजी क्षणभर जाळी आणायला वळले होते. परत आले तर डॉक्टरांची दोरी तुटलेली. "काय मासा होता! तोडून गेला!" असं म्हणताना डॉक्टर पाण्याकडे बघत होते, दाजींकडे नाही. फांदीत अडकवून तोडली हे सांगायची त्यांना भीती वाटली असणार, शंकासुराची ख्याती त्यांच्याही कानावर होतीच. आणि आपल्या डोहात एवढा मोठा मासा आहे हे ऐकून दाजी इतके फुलले होते की त्यांनी फांदीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. आयुष्यात एकदा कोणाचं काही शंका न घेता मानलं, ते नेमकं हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी ऑफिसात गेले आणि उभ्याउभ्याच बोलले. "ती माशी माझ्या पेटीतली होती. बांधली माझ्या बायकोनं. मला जवळचं दिसत नाही." शेवटचं वाक्य म्हणायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांनी आपला बिल्ला काढून ठेवला आणि मेहुण्याचा परत खिळ्यावर टांगला, डोहाच्या जागी.

मालकीणबाई म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी माशा एकदम इतक्या सुधारल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती." मग त्यांनी शेडची किल्ली दाजींपुढे सरकवली.

तळ्यावर जायला बसने दीड तास लागतो. दाजी पोचले तेव्हा मेहुणा रिकामी होडी धक्क्याला बांधत होता. दाजींनी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं आणि म्हणाले, "माझं चुकलं. चल परत. डोह तुझा."

मेहुण्याने ऐकून घेतलं. "बिल्ला गेला त्याचं वाईट वाटलं, पण तेवढं नाही," तो म्हणाला. "दाजी, वीस वर्षं तुमच्याशी खरं बोलत आलो, त्यातलं एकही तुम्हाला ओढून बघितल्याशिवाय पटलं नाही. एकदाच खोटं बोललो, ते मात्र लगेच पटलं."

दाजींचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"हंगाम संपेपर्यंत मी इथेच राहीन," मेहुणा म्हणाला. "इथे लहान पोरं असतात. मासा लागला की विचारत नाहीत, खरा आहे का म्हणून. पुढचं पुढे बघू." मग त्याने विचारलं, "परतीची बस कितीला आहे?"

"चारला."

"मग बसा होडीत."

होडी तळ्याच्या मध्यावर गेल्यावर मेहुण्याने एक हलकी काठी काढली. दाजींनी खिशातून पेटीतली एक माशी काढली, उलट्या वेढ्यांची, आणि सवयीने दोरीचं टोक नेढ्यात घालायला गेले. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही मेहुण्याच्या हातात दिलं. त्याने माशी ओळखली, हसला, डाव्या हाताने झटकन गाठ बांधली आणि नेहमीसारखी दोरी दाजींपुढे धरली.

दाजींचा हात उठला होता. त्यांनी तो मागे घेतला, काठी उचलली आणि माशी तशीच पाण्यावर टाकली.